कुंपणावरची फेरारी

“वीस वर्षं वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग? मास्तर, आमचा पुतण्या बावळट का तो गाडीवाला येडा, ते आता तुम्हीच सांगा.”

तात्यांनी हा निवाडा माझ्या गळ्यात घातला तेव्हा पाऊस घटकाभर उघडला होता. आमच्या दोन घरांच्या मधे निरगुडीचं कुंपण आहे. शेळी तिला तोंड लावत नाही म्हणून ते टिकलं, आणि कमरेच्या वर वाढू दिलं नाही म्हणून आमच्या गप्पाही टिकल्या. भंडारदरा धरणाच्या पायथ्याच्या आमच्या शेंडीत पावसाळ्यातल्या रविवारी विषय शोधायला जावं लागत नाही. घोटीकडून, वारंघुशी फाट्यावरून तो आपणहून येतो. आधी एसटीने यायचा, मग सुमो-क्वालिसने. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला, तेव्हापासून तो डांबराला पोट घासत येऊ लागला आहे.

झालं होतं असं. शनिवारी संध्याकाळी धरणाच्या रस्त्याला एक तांबडी, बसकी फेरारी गतिरोधकावर अडकली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट मधोमध टेकलेलं. तात्यांचा पुतण्या तिथेच काठाला पर्यटकांसाठी तंबू लावतो. त्याने चार पोरं गोळा केली, तंबूखाली घालायच्या फळ्या चाकांखाली सारल्या आणि गाडी अलगद उतरवली. मालकाने खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला. त्या चहावर तो जे बोलला ते रात्री पुतण्याकडून तात्यांकडे आणि सकाळी तात्यांकडून कुंपणापाशी पोचलं. गाडी जुनी आहे, आधी दोन मालकांनी वापरलेली आहे, घेतली त्यापेक्षा आज तिचे पैसे जास्त येतात, आणि हेच मॉडेल हाताच्या गिअरचं असतं तर याहून बरेच जास्त आले असते.

“हाताचा गिअर आपल्या पिकअपला पण हाय,” तात्या म्हणाले. “मंग तिला का नाय भाव?”

प्रश्न वाकडा वाटला तरी मुद्द्याचा होता. पिकअपला हाताचा गिअर आजही मिळतो, फेरारीला मिळत नाही. २००९ साली फेरारीने ‘४५८ इटालिया’ नावाची गाडी आणली आणि तिला क्लचचं पेडलच दिलं नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत बाकीच्या मॉडेलांचाही हाताचा गिअर गेला. ज्या गाड्या त्याआधी बनल्या त्या तेवढ्याच राहिल्या. जर्मनीच्या पोर्शचंही तसंच. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची ‘९११’ त्यांनी १९९८ साली थांबवली, आणि थांबवल्यावर लोकांना ती आठवायला लागली. या गाड्यांची चित्रं शाळेच्या वयात ज्यांनी भिंतीवर चिकटवली होती, ते आता पन्नाशीच्या आसपास आहेत. पोरं मार्गाला लागलीत, कर्जं फिटलीत, गुडघे अजून शाबूत आहेत. गाडीत वाकून बसता येतंय तोवर घ्यायची, असं त्यांचं चाललंय.

“म्हंजे बंद पडली की महाग.”

“बंद पडली की नाही तात्या, बनायची बंद झाली की.”

“तेच म्हनतो मी.”

इथे एक गोष्ट मी त्यांना ठासून सांगितली, कारण शेजारी उभ्या असलेल्या पुतण्याच्या डोळ्यांत मला चमक दिसायला लागली होती. जुनी आहे म्हणून कुठलीही भारी गाडी महाग होत नाही. उलट मोठ्या नावाची साधी चार दारांची मोटार शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत घाटातल्या दरडीसारखी कोसळते. पाच-सात वर्षांनी ती नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते, आणि घेणाऱ्याला पहिल्या सर्व्हिसिंगचं बिल आलं की कळतं की स्वस्त काहीच मिळालं नव्हतं. वर चढतात त्या मोजक्याच. थोड्या बनलेल्या, कमी पळालेल्या, मूळ रंगातल्या, इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर जन्मापासून तोच असलेल्या, आणि मुख्य म्हणजे कागद पुरे असलेल्या.

तेवढ्यात वहिनी हातात कोथिंबीर घेऊन आल्या. कुंपणापाशी आवाज चढला की कोथिंबीर निवडायला त्यांना हीच जागा सापडते. “सचिनची नव्हती का तसली?” त्यांनी विचारलं. “तिचं काय झालं पुढं?”

आणि मग गप्पांना खरी चढण लागली.

सचिनची ती गाडी म्हणजे ‘फेरारी ३६० मॉडेना’. एप्रिल २००२ मध्ये त्याने त्रिनिदादला पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर एकोणतिसावं कसोटी शतक काढलं आणि ब्रॅडमनच्या शतकांशी बरोबरी केली. फेरारी तेव्हा फियाटच्या घरातली कंपनी, आणि सचिन फियाटच्या जाहिरातीत. त्यांनी त्याला ही गाडी भेट दिली. इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हातून ती देण्याचा समारंभ झाला. इथवर सगळं गोड. गाडी भारतात यायची म्हटल्यावर जकात आली. गाडीची किंमत धरली होती पाऊण कोटी, आणि तिच्यावरची जकात एक कोटी तेरा लाख.

“गाडीपेक्षा जकात मोठी?” वहिनींचा हात थांबला.

सरकारने २००३ मध्ये ती माफ केली आणि देशभर गलका झाला. परदेशात जिंकलेल्या बक्षिसाला माफीची सोय होती, पण ही तर भेट होती, असा वाद निघाला. दिल्लीच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. शेवटी पैसे फियाटने भरले आणि विषय मिटला. मला आठवतं, त्या वर्षी आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत दोन तट पडले होते. गणिताचे सर म्हणायचे, ज्याने देशाला इतकं दिलं त्याच्याकडून काय मागता. भूगोलाचे म्हणायचे, माझ्या पगारातून कापतात तेव्हा कुणी माफ करत नाही. दोघेही मॅच मात्र एकाच टीव्हीवर बघायचे.

२०११ साली सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. पुढच्या वर्षी राजेश मापुसकरांनी तिच्याभोवती ‘फेरारी की सवारी’ हा सिनेमा रचला. पुढे ‘व्हेंटिलेटर’ काढणारे तेच मापुसकर. गाडी कितीला गेली, हा आकडा आमच्या कुंपणावर दर खेपेला थोडा वाढतो. त्या रविवारी तो तात्यांनी एकदा आणि पुतण्याने दोनदा वाढवला. भाव असाच चढतो, असं मला वाटतं. विकणारा एक सांगतो, घेणारा दुसरा सांगतो, आणि ज्यांचा दोघांशीही संबंध नाही ते तिसरा सांगतात. बाजारात टिकतो तो तिसरा.

“आणि त्याने विकली कशापायी?” वहिनी. “मिळालेली वस्तू विकतात होय?”

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण दुसरी गोष्ट होती. ऑगस्ट २०२० मध्ये एका मुलाखतीत सचिनने सांगितलं की, आपली पहिली गाडी मारुती ८०० होती, ती आता आपल्याजवळ नाही, पण परत मिळाली तर हवी आहे, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. स्वतःच्या पैशांनी घेतलेली होती ती. भेट मिळालेली फेरारी विकणारा माणूस जुनी मारुती शोधतोय, हे ऐकून वहिनींनी एकदम मान डोलावली, जणू सचिनविषयीचं त्यांचं जुनं मत खरं ठरलं होतं. तात्या वेगळंच बोलले. “आता ती मारुती ज्याच्याकडं असंल, तो काय भाव सांगंल मास्तर! तो काय आठशे सीसीचे पैसे घेणार नाय.”

अगदी बरोबर. ज्या गाडीचा धनी मोठा, तिच्या किमतीत धन्याचा वाटा असतो. रवी शास्त्रीची ऑडी घ्या. मार्च १९८५ मध्ये मेलबर्नला बेन्सन अँड हेजेस स्पर्धेत आपण पाकिस्तानला हरवलं, शास्त्री ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरला आणि त्याला ‘ऑडी १००’ मिळाली. सगळा संघ तिच्या टपावर नि बॉनेटवर बसून मैदानाला फेरी मारतोय, ते दृश्य आमच्या पिढीला अजून आठवतं. तशी ती साधी घरगुती मोटार, स्पोर्ट्स कार नव्हेच. तरी २०२२ साली रेमंडच्या गौतम सिंघानियांच्या ‘सुपर कार क्लब गॅरेज’ने ती पत्र्यापासून रंगापर्यंत पुन्हा पहिल्यासारखी करून शास्त्रीला दिली. तशीच दुसरी ‘ऑडी १००’ कुणी आणली तर तिला त्या फेरीचे पैसे मिळणार नाहीत.

वहिनींचं माहेर कोल्हापूरकडचं. त्यांनी लगेच दसऱ्याला निघणाऱ्या छत्रपतींच्या मेबॅक गाडीचा विषय काढला. “ती काढली विकायला तर?”

“ती विकायला निघत नसते,” मी म्हणालो.

“म्हणूनच विचारते. जी विकायची नसते तिचाच भाव लोक जास्त विचारतात.”

यावर तात्या किंवा मी काही बोलण्याजोगं राहिलं नव्हतं, म्हणून मी जगातला सर्वांत मोठा आकडा बाहेर काढला. मे २०२२ मध्ये मर्सिडीजने आपल्याच संग्रहालयातली १९५५ सालची ‘३०० एसएलआर उलेनहाउट कूपे’ विकली. साडेतेरा कोटी युरो. तेव्हाच्या भावाने अकराशे कोटी रुपयांच्या घरात. अशा गाड्या बनल्याच होत्या दोन. रुडॉल्फ उलेनहाउट हा ती बनवणारा इंजिनिअर, आणि हा गृहस्थ त्यातली एक चक्क रोज कामावर जायला वापरायचा. फेरारीच्या ‘२५० जीटीओ’ १९६२ ते ६४ मध्ये सगळ्या मिळून ३६ बनल्या. नवी होती तेव्हा अमेरिकेत तिला अठरा हजार डॉलरच्या आसपास पडायचे. २०१८ मध्ये एक गेली ४ कोटी ८४ लाख डॉलरला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसरी ५ कोटी १७ लाखांना.

अकराशे कोटी म्हटल्यावर तात्या गप्प झाले. मग हिशोबी आवाजात म्हणाले, “रोज हापिसला न्यायचा ना तो? पंक्चर झाली असंल तवा काय केलं असंल?” मोठ्या आकड्याचं हेच असतं, तो कुणालाच खरा वाटत नाही. पंक्चर मात्र सगळ्यांना खरं वाटतं.

पुतण्याला हे जर्मनी-इटलीचं कौतुक नको होतं. तो म्हणाला, “सर, बाहेरून स्वस्तात जुनी आणायची नि हितं विकायची. जपानात मिळत्यात म्हणे.” युट्यूबवर बघितलेलं दिसत होतं. मी त्याला नियम सांगितला. बाहेरून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि जकात अशी पडते की हौस तिथेच फिटते. पन्नास वर्षांपुढच्या पुराण्या गाड्यांना अलीकडे वेगळी वाट करून दिली आहे. मधल्यांना वाट नाही.

“म्हणजे तरणी चालते, म्हातारी चालते,” वहिनी म्हणाल्या, “मधल्या वयाच्यांना तिथंही कुणी विचारत नाही.”

म्हणूनच आपल्याकडे नव्वदच्या नि दोन हजारच्या दशकातल्या ज्या थोड्या स्पोर्ट्स कार रीतसर आल्या, नोंदल्या गेल्या, त्या तेवढ्याच. त्यातली एखादी झाडाला आदळली की संख्या एकने कमी. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं मात्र कमी होत नाहीत, कारण मुंबई-पुण्यात पैसा नवा आहे आणि नव्या पैशाला जुनी वस्तू लागते.

आपल्या मुलखात बनलेल्या स्पोर्ट्स कारची आठवणही इथेच निघाली. गोव्यात वेर्ण्याला ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी बनायची. फायबरचं अंग, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. दिसायला ऐटबाज, पळायला बेताची. थोड्याच बनल्या. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत या गाडीला आजच्यापेक्षा जास्त माणसं शोधत येतील. दुसरी पुण्याकडची ‘डीसी अवंती’. भारताची पहिली सुपरकार म्हणून तिचा केवढा गाजावाजा झाला. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या हाती तिची एक गाडी लागली आणि एकाच इंजिन-चेसिस नंबरवर दोन राज्यांत नोंदणी झाल्याचा आरोप पुढे आला, अटकही झाली. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण घेणाऱ्याने यातून एवढं घ्यावं की गाडीच्या रंगाआधी चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि उमटलेला आकडा आरसी बुकाशी ताडून पाहावा. आपल्याकडे बैलाचे दात बघितल्याशिवाय इसार देत नाहीत, आणि इथे लोक फोटो बघून लाखभर रुपये आगाऊ पाठवतात.

“घेतली समजा,” तात्या म्हणाले. त्यांनी खरंच समजलं असावं, कारण ते जरा ताठ उभे राहिले. “ठेवायची कुठं? ह्या पावसात?”

भंडारदऱ्याच्या पावसाला तोड नाही, हे आमच्या पत्र्यांना विचारावं. घाटघर-रतनवाडीला तर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. चार महिने भिंतींना पाझर, कपाटात बुरशी, आणि वायरी कुरतडायला उंदीर. तसल्या गाडीला कोरडी खोली लागते, बॅटरी उतरू नये म्हणून चार्जरला जोडून ठेवावी लागते, टायर न झिजताही म्हातारे होतात म्हणून बदलावे लागतात. ३६० मॉडेनासारख्या गाडीचा टायमिंग बेल्ट गाडी चालो न चालो, ठरल्या वर्षांनी बदलायचा असतो. न बदलता तुटला तर इंजिन गेलं. शिवाय सरकारचे पैसे. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीला दहा हजार, आणि आयात केलेली असेल तर ऐंशी हजार. सचिनची फेरारी आता त्याच वयात आली. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमाने ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपट्टी मिळते, नवी नोंदणी वीस हजारांत होते, पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच.

“मंग घेऊन करायचं काय?”

“बघायची.”

“बघायला धरण हाय की.”

धरणावरून आठवलं. या साऱ्या खर्चात पेट्रोलची एक भानगड आहे आणि तिचा उगम आपल्याच गावात आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वॉशर आणि पत्र्याच्या टाक्या त्यासाठी बनलेल्या नसतात. नळ्या फुगतात, भेगाळतात, टाकी आतून गंजते. जुन्या गाडीचे शौकीन म्हणून हैराण आहेत. आता हे इथेनॉल येतं कुठून? एक मोठा वाटा उसातून. आणि आमच्या जिल्ह्यात ऊस आला कुठून? १९२६ साली हे भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं, प्रवरेचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली गेलं, माळरानं हिरवी झाली, आणि १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढे कारखान्यांशेजारी डिस्टिलऱ्या आल्या. आमच्या अकोले तालुक्यात अगस्ती कारखाना आहेच.

हे ऐकून तात्यांना जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता. “म्हंजे हितलं पानी तिकडं जाऊन त्यांच्या फेरारीच्या नळ्या खातंय!” धरणाच्या पायथ्याच्या माणसाला धरणाच्या पाण्याचा फारसा वाटा मिळालेला नाही, हे इथलं जुनं दुखणं आहे. त्याचा सूड असा उगवेल असं कुणाला वाटलं नसेल.

वहिनींचं लक्ष मात्र पैशावर होतं. “चढतोय चढतोय म्हणता, पण उतरला तर?”

उतरलेला आहे. एन्झो फेरारी ऑगस्ट १९८८ मध्ये गेला. म्हातारा गेला, आता तशा गाड्या होणार नाहीत, या हाकाटीवर भाव दोन वर्षांत वेड्यासारखे वाढले. बँकांनी कर्जं दिली, ज्यांना गाडी चालवता येत नव्हती त्यांनीही घेतल्या. १९९० नंतर बाजार बसला आणि पुष्कळ जण गाडीसकट बसले. तात्यांच्या संगमनेरच्या मेहुण्याने इमू पाळले होते, त्याची आठवण काढणं भागच होतं. इमूची जोडी महाग, पिल्लं त्याहून महाग, अंडं तर शोकेसमध्ये ठेवायचं. प्रत्येक जण पिल्लं दुसऱ्या पाळणाऱ्याला विकत होता तोवर सगळे श्रीमंत होते. २०१२ च्या सुमारास पाळणारे संपले आणि लक्षात आलं की इमू खाणारं गिऱ्हाईक कुणी बघितलेलंच नाही. मेहुण्याने शेवटी ते सोडून दिले. गाडीचं एवढं बरं की तिला दाणा लागत नाही, हे तात्यांचं म्हणणं. लागतो, फक्त तो बिलात दिसतो, हे माझं.

आता तात्यांच्या मनातलं खरं दुखणं बाहेर आलं. ते सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. महिंद्राची डिझेल जीप, एमएम ५४०. त्या जीपचं प्यूजोचं इंजिन कळसूबाईच्या पलीकडे, इगतपुरीच्या कारखान्यात बनायचं. तात्या म्हणतात, इंजिनाला घर जवळ म्हणून ते घाटात कधी रुसलं नाही. जीप निर्लेखित झाली, लिलाव लागला, आणि तात्यांनी बोली लावली नाही, कारण घरात तेव्हा थोरल्या लेकीचं लग्न होतं. ती एका भंगारवाल्याने उचलली. गेल्या वर्षी तसलीच जीप, वर हिरवा रंग, पुढे विंच, कापडी टप, पर्यटकांच्या ताफ्यात साम्रदकडे जाताना त्यांनी पाहिली. मालकाने जो आकडा सांगितला त्यात तेव्हाची तीन लग्नं झाली असती.

“तीच होती ती,” तात्या म्हणतात. “हँडब्रेकच्या शेजारचा डाग मी वळखला.”

वहिनी म्हणतात, तसा डाग प्रत्येक जीपला असतो. माझंही तेच मत आहे. पण तात्यांना ते सांगण्याची हिंमत दोघांतही नाही.

शेवटी पुतण्याने मुद्द्याला हात घातला. त्याच्या घरी, पडवीत, पोत्यांखाली यामाहा आरएक्स १०० उभी आहे. त्याच्या वडिलांची. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेली आणि १९९६ मध्ये बंद झालेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी, ताकद अकरा हॉर्सपॉवर. बाहेर फेरारी असेल. आमच्या भागाची स्पोर्ट्स कार हीच. राजूरच्या बाजाराला ज्याच्याकडे आरएक्स तो पहिला पोचायचा, आणि तिचा आवाज दोन वळणं आधी ओळखू यायचा. टू-स्ट्रोक धुरामुळे गेली, आणि गेल्यावर तिचा भाव चढला. आज नीट केलेली, कागद पुरे असलेली आरएक्स लाखाच्या पुढे मागतात. तंबूत उतरलेल्या एका पोराने पडवीत डोकावून पुतण्याला पंधरा हजार रोख देऊ केले होते. “कागद राहू द्या, मी बघतो,” म्हणाला होता.

हे ‘कागद राहू द्या’ ऐकल्यावर मी कुंपण ओलांडून त्यांच्या ओट्यावर गेलो, आणि त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. कारण शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, कोलटेंभे, मुतखेल, कुठल्याही गावात पडवीतली पोती उचलली तर खाली काही ना काही निघेल. गाडी बापाच्या नावावर असेल आणि बाप हयात नसेल तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करून घ्या. मालक गेल्यापासून तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. उशीर झाला असेल तर दंड भरा, पण करा. आपल्याला त्यासाठी श्रीरामपूरचं आरटीओ आहे. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून पोच घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. चौदा दिवसांत विक्री कळवली नाही आणि त्या गाडीने कुठे कुणाला उडवलं, तर भरपाईची नोटीस नोंदीतल्या मालकाला येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं आहे. आणि आरसी बुक सापडत नसेल तोवर पंधरा हजारच काय, पन्नास हजारांनाही गाडी देऊ नका.